समुद्र वाचवणारी संस्था कशी बुडवावी

मागच्या आठवड्यात ईमेल आला : 'आपला सुंदर प्रवास इथे थांबत आहे.' खाली देवमाशाचं चित्र. या संस्थेसाठी मी सहा वर्षं किनाऱ्यावरचा कचरा मोजला. तुम्हालाही अशी संस्था काढायची असेल, तर अनुभवाचे चार शब्द ऐका.

आधी लोगो. माणसं नंतर.

मग शत्रू निवडा. स्ट्रॉ उत्तम. पॅसिफिकमधल्या त्या प्रसिद्ध कचरापट्ट्यात वजनाने ४६ टक्के मासेमारीची जाळी असल्याचं २०१८ च्या अभ्यासात निघालं, पण जाळ्यांचं नाव काढलं की मच्छीमारांसमोर जाऊन बसावं लागतं, त्यांचं ऐकावं लागतं. स्ट्रॉ उलट बोलत नाही.

८ जूनला, म्हणजे जागतिक महासागर दिनी, टी-शर्ट वाटा. ९ जूनला सुट्टी.

देणगीदारासमोर पगार, भाडं, हिशेबनीस असले अभद्र शब्द काढू नका. त्याला पैसे 'थेट समुद्राला' द्यायचे असतात. बोट मिळेल. डिझेलचं तुमचं तुम्ही बघा.

आणि स्वयंसेवकांना मोजायला लावा. भरपूर मोजायला लावा. १९८६ मध्ये टेक्ससच्या किनाऱ्यावर मोठी सफाई झाली, तेव्हाही लोकांना उचललेली प्रत्येक वस्तू कागदावर लिहायला सांगितलं होतं. कारण कचरा उद्या परत येतो. कुठला येतो, हे नोंदीवरून कळतं. आम्हीही लिहिलं. ओल्या हातात पेन चालत नाही म्हणून पेन्सिलने. झाकणं वेगळी, सिगारेटची थोटकं वेगळी. नायलॉनचा तुकडा दोराचा की जाळ्याचा यावर भर उन्हात भांडलो, शेवटी गाठ दिसली तर जाळं असं ठरवलं. दर महिन्याला, त्याच शंभर मीटरमध्ये. सहा वर्षं! मग संकेतस्थळाचं भाडं थकलं आणि सगळं गेलं. मी विचारलं, प्रत कुठे आहे? उत्तर आलं, 'आपल्या योगदानाबद्दल ऋणी आहोत.'

निरोपाच्या व्हिडिओत ड्रोनने टिपलेला सूर्यास्त मात्र झकास आहे. त्याला पैसे होते?

अहो, संस्था बंद पडतात. अनुदान संपतं, माणसं थकतात, समजतं मला. पण तो सगळा डेटा एका पेन ड्राइव्हवर मावला असता. एखाद्या विद्यापीठाला द्यायचा होता, नाहीतर आम्हाला परत करायचा होता. तुमच्या बापाचा होता का तो? अजूनही कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर एखादी फाइल असेल, उघडून बघा. तेवढं तरी करा.