"समजलं का?" हा प्रश्न वर्गातून हद्दपार करायला हवा

"समजलं का?" विचारलं की वर्ग एका सुरात "हो" म्हणतो, आणि शिक्षक पुढे सरकतात. या "हो"वर माझा अजिबात विश्वास नाही. ज्याचा गैरसमज झालाय त्याला आपल्याला समजलंय असंच वाटत असतं. आणि ज्याला शंका आहे तो चारचौघांत एकटा हात वर करत नाही.

त्यापेक्षा फळ्यावर लिहा: ०.४५ आणि ०.५ यांतली मोठी संख्या कोणती? काही मुलं हमखास ०.४५ म्हणतील, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. गैरसमज लगेच उघडा पडला! याऐवजी ०.७५ आणि ०.५ दिले असते, तर त्याच मुलांनी त्याच चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर दिलं असतं. पण काही मुलांचा समज नेमका उलटा असतो: दशांशचिन्हापुढे अंक कमी तर संख्या मोठी. ती पहिल्या जोडीत बरोबर येतात आणि दुसऱ्या जोडीत सापडतात. म्हणून दोन्ही जोड्या द्याव्या लागतात. प्रश्न तयार करायला वेळ लागतो तो इथे, आणि शिक्षकाचं खरं कसब मला इथेच दिसतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंदांपर्यंत थांबल्यावर उत्तरं लांबली, "माहीत नाही" म्हणणं कमी झालं आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद! यासाठी ना पैसा लागतो, ना परवानगी.

नाव घ्यायचंच असेल तर प्रश्न आणि शांतता झाल्यावर घ्या. आधीच नाव घेतलं की बाकी सगळे सुटतात. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरणं. नाहीतर पुढच्या बाकांवरच्या त्याच चारपाच हातांवरून आपण अख्ख्या वर्गाचा अंदाज बांधत राहतो.

आणि "कसं काढलंस?" हे बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलं, तर प्रश्न ऐकताच मूल उत्तर बदलतं.

"पोर्शन कधी संपवायचा?" हे शिक्षक विचारतात, आणि ती अडचण खरीच आहे. पण दशांश कच्चे राहिले तर पुढे शेकडेवारीला तीच मुलं अडतात, आणि तेव्हा दशांश पुन्हा शिकवायला कुणाकडेच तास शिल्लक नसतो.