एजंट क्षमस्व

परवाच्या रविवारी मला 32 हजार रुपयांचा टॉवेल मिळाला. सोबत टोपी, नारळ आणि द्रोणात दोन पेढे. वास्तुशांत होती. यजमानांनी कपाळाला गंध लावलं, टॉवेल हातात ठेवला, वाकून नमस्कारसुद्धा केला आणि म्हणाले, "तुम्ही काय, घरचेच."

घरचाच. म्हणून तर पैसे द्यायचे राहिले.

मागचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना माझं बीपी वाढतं. मी सोलापुरात जागांची एजंटगिरी करतो. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरचा एक टू बीएचके रिसेलला होता. मालक पुण्यात. फ्लॅट त्यांच्या वडिलांच्या नावावर, वडील वारलेले, बहीण बार्शीला, आणि भावाबहिणीचं तीन वर्षं बोलणं बंद. बहिणीची सही झाल्याशिवाय कागद हलत नव्हता. मी बार्शीला दोन चकरा मारल्या. पहिल्या वेळी त्यांनी मला भावाचा माणूस समजून दारातूनच लावून दिलं. दुसऱ्या वेळी जेवायला वाढलं आणि भावाबद्दल दीड तास ऐकवलं. ते सगळं मी भावाच्या वतीने ऐकून घेतलं, तेव्हा कुठे बहिणीचा वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र झालं. मग सोसायटीची ना हरकत, महापालिकेची थकबाकी, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद. तीन महिने गेले. पेट्रोल शंभरच्या वर.

गिऱ्हाईक म्हणजे एक मास्तर आणि त्यांच्या मिसेस. भाव 32 लाखांवर येऊन थांबला होता. मीच शहाणपणा केला आणि सांगितलं, "मास्तर, एकट्या वहिनींच्या नावावर घ्या. बाईच्या नावाने राहतं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे." एक टक्का म्हणजे 32 हजार. माझी त्यांच्याकडची दलालीही एक टक्काच. म्हणजे मी त्यांना जवळपास फुकटच पडत होतो. पण मास्तर गणिताचे. त्यांनी दोन्ही 32 हजार वाचवले.

हे त्यांना सुचलं नसतं. सुचवलं आप्पांनी.

आप्पा त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, पण वर फक्त झोपायला आणि जेवायला जातात. मिल बंद पडल्यापासून ते खाली पार्किंगमध्येच असतात. लाल प्लास्टिकची खुर्ची, अंगात बंडी, खिशात डायरी, पायाशी तांब्या. बिल्डिंगला वॉचमन नाही. आप्पा असताना ठेवायची कोणाची हिंमतही नाही.

मास्तरांना घेऊन मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आप्पांनी हात आडवा केला.

"कोण पाहिजे?"

"फ्लॅट दाखवायला आलोय, आप्पा."

"कुणाला?"

"यांना."

"का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी नुसताच हसलो. आप्पा हसले नाहीत. तेवढ्यात वहिनींनी सोलापुरातला पहिला प्रश्न विचारला. जागेचा भाव, दिशा, पार्किंग हे सगळं आमच्याकडे नंतर येतं. "पाण्याचं कसं आहे?" या प्रश्नाला माझं उत्तर पाठ असतं: बोअर आहे, टाकी मोठी आहे, काळजी नको. मी तोंड उघडलं, पण आप्पा आधी बोलले.

"बोअरला पाणी हाय की. मार्चपर्यंत."

"आणि मार्चनंतर?"

"मार्चनंतर जून येतंय."

"नळाला?"

"चार दिवसाआड. कधी पाचव्या. पहाटे तीनला येतंय. मी उठवतो सगळ्यांना."

वहिनी खूश झाल्या. पहाटे तीनला कोणीतरी उठवणार ही त्यांना सोयच वाटली. उजनी धरण शंभर टक्के भरल्याची बातमी वाचून चार दिवसांनी अंघोळ करणाऱ्या गावात माणसाच्या अपेक्षा फार नसतात.

मास्तरांनी विचारलं, "लिफ्ट चालू आहे ना?"

"लिफ्ट एकदम चांगली हाय," आप्पा म्हणाले. "वापरत न्हाई आम्ही."

"आणि शेजारीपाजारी?"

"लोकं चांगली हायत. दुसऱ्या मजल्यावरचा एक सोडला तर. लै भांडखोर."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी जिन्याकडे बघायला लागलो.

"पण तो वारला," आप्पांनी धीर दिला. "त्याचाच फ्लॅट तुम्ही बघालाव."

इथपर्यंत सगळं मी सहन केलं असतं. खरं बोलणारा शेजारी हा या धंद्यातला जुना आजार आहे, त्यावर औषध नाही. पण आप्पांना कशी कोण जाणे, एकाएकी माया आली. "त्याचा पोरगा पुण्याला असतो. लहानपणी खांद्यावर बसवून गड्ड्याच्या जत्रेला नेलंय मी त्याला. नंबर हाय की माझ्याकडं. डायरेक्ट बोला. मधी एजंट कशाला?" हे 'मधी' उभा असलेल्या माझ्यासमोर, माझ्याकडे बोट दाखवून. मग त्यांनी बंडीच्या खिशातून डायरी काढली, पानं उलटली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली आणि शेवटी माझ्यापुढे केली.

"एजंट, जरा वाचून दाखवा की. चष्मा वर राहिला."

आणि मी वाचला.

का वाचला, हा प्रश्न बायकोने त्या दिवसापासून मला अनेकदा विचारलाय. मोठ्या माणसाने काही वाचायला दिलं की वाचायचं, एवढंच आमच्या आईने शिकवलं होतं. ज्या मालकाचा नंबर मी तीन महिने दातांखाली धरून ठेवला होता, तो मी खणखणीत आवाजात, एकेक आकडा सुटा करून, माझ्याच गिऱ्हाइकाला वाचून दाखवला. मध्ये एका आठाचा तीन करावा असं क्षणभर मनात आलंही. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "परत एकदा सांगा."

परत एकदा सांगितला.

आठ दिवसांनी मास्तरांचा फोन: मिसेसना स्वयंपाकघर लहान वाटतंय, राहू दे. दोन महिन्यांनी वास्तुशांतीची पत्रिका. त्याच लहान स्वयंपाकघरात दूध उतू घालायला मला बोलावणं. मी थोडं रागाने विचारलं तर म्हणाले, "उन्हातान्हात तुम्हाला कशाला त्रास द्यायचा, म्हणून रजिस्ट्रीचं आम्हीच उरकून घेतलं." मालकाने तर माझा फोन उचलणंच बंद केलं. ज्या बहिणीशी बोलत नव्हते तिच्याशी आता बोलतात म्हणे. ते मीच जुळवलेलं, आणि आता दोघं मिळून माझ्याशी बोलत नाहीत.

वर्तमानपत्रात छोट्या जाहिराती असतात बघा. 'सैफुलजवळ टू बीएचके, पूर्वमुखी, थेट मालक. एजंट क्षमस्व.' इतका सभ्य अपमान मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत होत असेल असं मला वाटत नाही. हाकलून द्यायचं आणि माफी पण आपणच मागायची. डॉक्टर क्षमस्व, वकील क्षमस्व असं कोणी छापत नाही. गंमत अशी की ती जाहिरात सकाळी सहाला पहिल्यांदा आम्हीच वाचतो आणि पहिला फोनही आमचाच जातो. मालक दोन महिने क्षमस्व क्षमस्व करतो आणि तिसऱ्या महिन्यात विचारतो, "बघा की एखादं गिऱ्हाईक."

आता तर मी कागदोपत्री शिकलेला एजंट आहे. पूर्वी या धंद्याला दोनच गोष्टी लागायच्या, पानपट्टीवर ओळख आणि टू-व्हीलर. बिल्डर-एजंटांना शिस्त लावणारा रेरा कायदा आला तेव्हा नोंदणी आली, दहा हजार फी, पाच वर्षांची मुदत. मग महारेराने, म्हणजे तो कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 20 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. 1 जानेवारी 2024 पासून प्रमाणपत्राशिवाय भागत नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी कॉम्प्युटरसमोर बसून कार्पेट एरिया म्हणजे काय याच्या उत्तरावर टिक केली. माझ्या बाजूला बसलेला पोरगा माझ्या भाच्याच्या वयाचा होता आणि मला 'अंकल, माउस हलत नाहीये' असं सांगत होता. आदल्या रात्री मुलीने माझी उजळणी घेतली. पास झालो. प्रमाणपत्राला लॅमिनेशन केलं. आणि कामाला काय येतं? ती नोंदणी नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांसाठी. रिसेलमध्ये पार्टीने तुम्हाला डावलून जिन्यातच व्यवहार केला तर ते लॅमिनेशन फक्त वारा घ्यायला उपयोगी. तोंडी शब्दावर चाललेला धंदा आहे. लेखी करार करून घ्या असं प्रशिक्षणात सांगतात. सोलापुरात गिऱ्हाइकापुढे स्टँप पेपर ठेवून बघा. "आमच्यावर विश्वास न्हाई का?" असं म्हणून ते पाणीसुद्धा न पिता उठतात, आणि आमच्या गावात पाणी नाकारणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

बरं, धंदा वाईट म्हणावं तर आशा सोडवत नाही. होटगी रोडचंच घ्या. 2023 च्या जूनमध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, आणि धूळ खाली बसायच्या आत तिकडच्या प्लॉटवाल्यांनी भाव वाढवले. का, तर आता विमान येणार. 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान खरंच उडालं. आधी गिऱ्हाईक विचारायचं, "विमानाचा आवाज येईल का हो?" आता विचारतं, "गच्चीवरून दिसतं ना?" मी दोघांनाही हो म्हणालोय. एकजण परवा एक गुंठा घ्यायला आला होता. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यात त्याला बंगला, बाग, गाडी आणि आईसाठी तुळशीवृंदावन हवं होतं, आणि विमान दिसायला हवं होतं. मी चार रविवार त्याला फिरवलं. शेवटी त्याने मेव्हण्याच्या शेतात पत्र्याची खोली टाकली.

मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना असतो. ती 'बिझनेस' लिहिते. मी विचारलं, एजंट का लिहीत नाहीस? म्हणाली, "रकाना लहान आहे, पप्पा." एजंट हा शब्द बिझनेसपेक्षा लहान आहे. मी काही बोललो नाही.

तर वास्तुशांत. मी पोहोचलो तेव्हा आप्पा आतल्या खोलीत पाटावर बसले होते, यजमानांच्या उजव्या हाताला. चष्मा होता. आहेर सुरू झाला आणि मास्तरांनी आप्पांना पूर्ण पोशाख केला: पँटपीस, शर्टपीस, शाल, श्रीफळ, आणि वर पाकीट. "आप्पांमुळे घर झालं," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझा नंबर, टॉवेल-टोपी.

आता टॉवेलबद्दल थोडं बोलतो, कारण तो विषय माझा आहे. एजंटगिरीत यायच्या आधी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात नऊ वर्षं चेकिंगला होतो. टेबलावर दिवसभर टॉवेल यायचे, हात फिरवायचा, पास की सेकंड ते बाजूला टाकायचं. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते मिळण्यात माझ्या बोटांचाही काही वाटा असेल असं मी धरून चालतो. मंदीत कारखान्याने माणसं कमी केली आणि मी माणसांना घरं दाखवायला लागलो. पण बोटं विसरत नाहीत. मास्तरांनी टॉवेल हातात ठेवला आणि गंध वाळायच्या आत मला कळलं: डाव्या कोपऱ्याशी तीन लूप ओढलेले, आणि किनारीची शिलाई दोन बोटं तिरकी.

सेकंडचा माल.

एक टक्का बुडवला त्याचं इतकं वाटलं नाही. सेकंडचा टॉवेल, तोही मला? हे दुःख तिथे कोणाला सांगणार. पंगतीत माझ्या बाजूला नेमके आप्पा. पुरणपोळीवर तूप घेत म्हणाले, "एजंट, राग आला न्हाई ना?"

"छे हो."

"म्या काय, पुण्याचं काम केलं. चार आणे घेतले न्हाईत."

पाकीट त्यांच्या बंडीच्या खिशातून डोकावत होतं.

"एक विचारायचं होतं," आप्पा जवळ सरकले. "आमचा नातू रिकामाच हाय. तुमच्या लायनीत घालावं का त्याला? मिळतंय का काय त्यात?"

मनात आलं सांगावं, आप्पा, मिळायचं ते तुमच्या खुर्चीपाशी अडकतं. पण करिअर मार्गदर्शन करायची संधी रोज येत नाही. मी सगळं व्यवस्थित सांगितलं: 20 तासांचं प्रशिक्षण, ऑनलाइन परीक्षा, दहा हजार फी, मग नोंदणी, मग वणवण, मग बार्शी.

आप्पांचा घास हातातच राहिला. "एवढं? नुसतं घर दाखवायला?"

"हो."

"आणि म्या दाखवतो ते? माझी कुठं परीक्षा घेतली कुणी?"

यावर मी आमटी वाढून घेतली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "टॉवेल चांगला आहे की." मी तिला लूप दाखवले. तिला दिसले नाहीत. कोणालाच दिसत नाहीत. ती वापरायला काढणार होती, मी काढू दिला नाही. जेवणाच्या टेबलावर पसरला, तिरकी किनार आत घेतली, ओढलेले लूप मधल्या घडीत दाबले, वरून हात फिरवला. कारखान्यात असताना अशी घडी घालणाऱ्याला आम्ही शिव्या द्यायचो. नंतर भिंतीची ओल दिसू नये म्हणून मालकाला कपाट कुठे सरकवा ते सांगायला लागलो, तेव्हा ती घडी मलाही जमायला लागली.

आप्पांच्या नातीचं लग्न मे महिन्यात आहे. पत्रिका त्यांनी पंगतीतच दिली, म्हणाले, "यायचं हं. तुम्ही काय, घरचेच." टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय. टोपी पण.