उदास व्हायचा सराव

सोळाव्या वर्षी उदास व्हायला काहीतरी कारण लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. घरात भांडणं नव्हती, मार्क बरे पडत होते, आणि प्रेमभंगासाठी आधी प्रेम जमावं लागतं. अशा अडचणीच्या काळात मावसभावाने, म्हणजे दादाने, एक कॅसेट हातात ठेवली. जॉय डिव्हिजन नावाच्या इंग्लिश बँडचा अल्बम, 'अननोन प्लेझर्स', १९७९. "हे ऐक, मग बोल."

ऐकलं आणि वाटलं, टेप बिघडलाय. ड्रम रिकाम्या गोदामात वाजत होते आणि गायक विहिरीच्या तळाशी उभा होता. मध्येच फुस्स, फुस्स! मी टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं. कॅसेटमध्ये पेन्सिल घालून रीळ ताणलं. पुन्हा फुस्स. तीनदा हेड पुसून झाल्यावर दादा म्हणाला, "अरे गाढवा, तो ताल आहे." मार्टिन हॅनेट नावाच्या निर्मात्याने चक्क स्प्रेच्या डब्याचा आवाज ताल म्हणून वापरला होता.

मग दादाने माझं बौद्धिक घेतलं. १९७६ साली मँचेस्टरला सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला आणि तो बघून जॉय डिव्हिजनच्या पीटर हुकने दुसऱ्याच दिवशी बास गिटार विकत घेतली. वाजवता येतं की नाही हा प्रश्न नंतरचा. पुढे बँडच्या गोंगाटात त्याला स्वतःचीच बास ऐकू येईना, म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवायला लागला. तीच त्याची शैली ठरली. हे मला लगेच पटलं. आमच्याकडे जेवताना सगळे एकदम बोलतात. माझाही आवाज असाच चढलेला आहे, त्याला शैली मात्र कुणी म्हटलं नाही.

हे संगीत ऐकणारी पोरं तिकडे लांब ओव्हरकोट घालून फिरत, असंही दादा म्हणाला. मी बाबांचा जुना रेनकोट काढला. भर उन्हाळ्यात.

"बाहेर पाऊस आहे का?" आईने विचारलं.

"आत आहे," मी म्हणालो.

तिने कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही. पोट साफ झालं का?"

खिडकीशी उभं राहून शून्यात बघायचं म्हटलं, तर समोरचे काका हात करायचे. मग मलाही करावा लागायचा. शून्यात एकदा ओळखीचं माणूस निघालं की उदासी संपलीच. आणि घामोळं वेगळंच.

गायक इयन कर्टिसने १९८० साली, वयाच्या २३ व्या वर्षी आत्महत्या केली, हे कळलं त्या दिवशी कोट खुंटीला टांगला. आपण कशाचं सोंग करतोय ते बघून लाज वाटली. आठवडाभर कॅसेट लावली नाही.

आठवड्याने पुन्हा अंगात कोट.

तोवर चेहरा बऱ्यापैकी पडायला लागला होता. तेवढ्यात दादाने नवी कॅसेट आणली. बँडमधल्या उरलेल्यांनी न्यू ऑर्डर नाव घेतलं आणि १९८३ साली 'ब्लू मंडे' काढलं. सात मिनिटांहून लांब, आणि नाचायचं! लोक क्लबात नाचत होते त्यावर. मी इथे सहा महिने खिडकीत उभा!

मी चेहरा पाडूनच ऐकत राहिलो. कोट लांब होता, पायांकडे कुणाचं लक्ष जाणार नाही असा हिशेब होता.

"पाय हलवतोयस ते ठीक आहे," दादा म्हणाला, "पण ताल चुकतोय."