लायसन्स नसलेल्या स्टाफबद्दलच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, आमच्या अकाउंटिंग ऑफिसवरचा तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की हिशेब लायसन्स नसलेल्या मुलीने लिहिले, फी मात्र लायसन्सवाल्याची लावली, आणि वर फोनही उचलत नाही. तुमच्या फाइलमधलं काहीच मी इथे लिहू शकत नाही, तुम्ही स्वतः लिहिलंत तरी, क्लायंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आमच्यावर आहे, त्यामुळे आकड्यांचं समोरासमोर बोलू. लायसन्सचं मात्र इथेच सांगतो, बाकीच्यांनाही तोच प्रश्न पडत असतो.

एन्ट्र्या टाकणं, बँक रिकन्सिलिएशन (म्हणजे वहीतला हिशेब बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघणं), बिलं जुळवणं याला लायसन्स लागत नाही. लागतं ते ऑडिट रिपोर्टवर सही करायला आणि आमच्याकडे ती सही माझीच असते. उद्या त्यात घोळ निघाला तर तक्रार माझ्यावर होणार, लायसन्स माझं जाणार, फीमध्ये ही जोखीम धरलेली असते आणि त्या मुलीचं काम मी परत तपासतो तो वेळ पण.

आणि खरं सांगू का, लायसन्स असलं की काम चांगलंच होतं हे माझ्याकडे असूनही मला पटत नाही. अमेरिकेत सीपीए (तिथला लायसन्सवाला अकाउंटंट, आपल्याकडच्या सीएसारखा) व्हायला 150 क्रेडिट अवर्सची (कॉलेजचा अभ्यास मोजायचं तिथलं माप) अट घातली, साध्या डिग्रीचे 120 होतात म्हणजे वर आणखी 30, जवळपास एक वर्ष कॉलेज (फीसकट!), आणि बऱ्याच राज्यांत ते 30 अकाउंटिंगचेच पाहिजेत असंही नाही. 2022 साली यावर एक अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की अट आल्यावर पहिल्यांदा परीक्षेला बसणारे साधारण 15 टक्क्यांनी कमी झाले, त्यात हुशार मुलंही गळाली, आणि कामाचा दर्जा काही वाढला नाही. ओहायो राज्याने तर 2025 मध्ये कायदा करून डिग्री अधिक 2 वर्षांचा अनुभव असा दुसरा रस्ता उघडला, परीक्षा अर्थात द्यावीच लागते.

म्हणून अकाउंटंट कोणताही निवडा, काम कोण करणार यापेक्षा तपासणार कोण ते आधी विचारा. आमच्या प्रत्येक वर्किंग पेपरवर (काम करताना बनवलेल्या हिशेबाच्या कागदावर) करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची अशा दोन्ही सह्या असतात, तुमच्या फाइलवरच्या कधीही येऊन बघा, शंका असेल तिथे बोट ठेवा, मी बसून समजावतो.

फोनचं म्हणाल तर रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात खरंच उचलणं होत नाही, तेव्हा मेल टाका, त्याला उत्तर येतं.