‘खोक्यावर एक किलोमीटर लिहिलंय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गाडीचा सायरन वाजताच हातातल्या रिमोटवर कळवणाऱ्या पेजर अलार्मवर बेसमेंट पार्किंगमध्ये विसंबू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की खोक्यावर एक किलोमीटरचा पल्ला छापलेला असताना मी लोकांना उगाच घाबरवतेय, आणि पल्ला कमी पडलाच तर जास्त ताकदीचा सेट बसवावा.

खोक्यावरचा आकडा खोटा आहे असं मी म्हटलेलं नाही. तो मोकळ्या मैदानातला आहे. मध्ये काहीच आडवं नसेल तर 10 मिलीवॅटचा संदेशही तेवढा लांब जाऊ शकतो. आपल्याकडे असे सेट ज्या रेडिओ लहरींवर चालतात त्या 433 ते 434 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना वापराला मर्यादाही तेवढीच आहे, त्यामुळे ‘जास्त ताकदीचा सेट’ मुळात नियमात बसत नाही.

समजा बसला, तरी हिशेब बघा. मोकळ्यावर पल्ला दुप्पट करायला ताकद चौपट लागते. सळयांचा एक स्लॅब मात्र संदेश सहज दहापट क्षीण करतो. म्हणजे चौपट ताकदीने एका स्लॅबचीही भरपाई होत नाही. तीन स्लॅब आडवे आले की संदेश हजारपट क्षीण होतो आणि किलोमीटरचे जेमतेम तीस मीटर उरतात. शिवाय गाडीचा पत्रा आहेच. काचेला धातूचा थर असलेली फिल्म असेल, किंवा अँटेना गाडीच्या काचेशेजारच्या खांबाच्या पत्र्याला खेटून चिकटवली असेल, तर आणखी घट.

तुमच्या नवव्या मजल्यावर पेजर वाजतो, हे मला पटतं. लहरी रॅम्पमधून बाहेर पडून समोरच्या इमारतीवर आपटून परत येतात, त्यामुळे नवव्यावर मिळणारा संदेश तिसऱ्यावर मिळेलच असं नाही. परावर्तनामुळे एकाच खोलीत रिमोट फूटभर सरकवला तरी फरक पडतो. म्हणून दिवाणखान्यात एकदा वाजला, एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

माझा खरा आक्षेप पल्ल्यावर नाहीच. गाडीला काही झालं नाही तरी रिमोट गप्प, आणि काच फुटली पण संदेश पोचला नाही तरीही गप्प. वरती झोपलेल्या माणसाने या दोन शांततांतला फरक ओळखायचा कसा? काही सेट ठरावीक वेळाने गाडीशी संपर्क तपासतात आणि तुटला की बीप देतात. त्यात रिमोटची बॅटरी लवकर संपते, तरी मी तोच घेईन. सिमकार्डवाल्या ट्रॅकरलाही बेसमेंटमध्ये नेटवर्क मिळेलच असं नाही, पण गाडीकडून खबर येणं थांबल्याचं सर्व्हरला कळतं आणि तशी सूचना लावून ठेवता येते.

तेव्हा पैसे देण्याआधी फिटिंगवाल्याला तुमच्याच जागेवर गाडी लावायला सांगा, रिमोट रात्री जिथे ठेवता तिथेच ठेवा, खोलीचं दार लावा आणि अलार्म वाजवून बघा. मग त्याला विचारा, संपर्क तुटला तर हा स्वतःहून सांगतो का?