घडी न उघडताच पाहिलेले पान

आज दुपारी आमच्याकडे आलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची वही चाळली आणि तिच्यासमोरच म्हणाले, "शाळेत पाठवत नाहीस आणि घरी अभ्यास म्हणून नुसती चित्रे? तीसुद्धा चुकीची!" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

ते पान कात्रजच्या तलावाचे होते. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तो बांधवून घेतला आणि जमिनीखालच्या दगडी नळातून त्याचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले, एवढेच मी तिला सांगितले होते. पुढचे पान सर्वस्वी तिचे होते. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या प्रयोगवहीत एक बाजू कोरी आणि एक रेघी असते. कोऱ्या बाजूवर तिने कात्रज खाली आणि वाडा उंचावर काढून पाण्याचा बाण वर चढवला. मी खोडरबर दिले नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात दोन बादल्या आणि एक नळी घेऊन ती तासभर खटपट करत बसली, मग स्वतःहून दुसरे चित्र काढून तिने ते पानाच्या कडेला चिकटवले आणि आत दुमडले. समोर लिहिले, "कात्रज उंचावर आहे म्हणून पाणी आपोआप येते. पंप लागत नाही."

ती घडी उघडायला किती वेळ लागला असता? छापील स्वाध्यायात "कात्रजचा तलाव कोणी बांधला?" या प्रश्नापुढे तिने अचूक नाव लिहिले असते तर तिचे कौतुक झाले असते, आणि पाणी चढण चढते असे ती समजत होती, हे मला कधीच कळले नसते. हा अभ्यास नव्हे, तर मग अभ्यास कशाला म्हणायचे?

पाढे आणि शुद्धलेखन अशा पानांनी पक्के होत नाही, आणि पुढे मुक्त विद्यालयाची दहावी द्यायची तर छापील प्रश्नांचीही सवय लागेल, तेवढे मान्य.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. ते नातलग पेठेतच लहानाचे मोठे झालेले आहेत. शेजारी बसवून घेतले असते, तर कात्रजच्याच पाण्यावर भरणारे बदामी हौद, काळा हौद यांच्या कितीतरी आठवणी त्यांनी तिला सांगितल्या असत्या आणि त्या याच पानावर उतरल्या असत्या.

ते गेल्यावर तिने विचारले, "आई, हे पान फाडू का?" मी तिला जवळ घेतले आणि नको म्हटले. झोपताना तीच म्हणाली, "उद्या घडीवर 'इथे उघडा' असे लिहूया."