प्लास्टिकचे झाड नेमके कोणते झाड वाचवते?

डिसेंबर लागला की आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर 'पर्यावरणपूरक नाताळ' या मथळ्याचा एक संदेश फिरू लागतो. यंदा तो मला जालन्याहून, लातूरहून आणि इथल्याच, छत्रपती संभाजीनगरातल्या शेजारणीकडून असा तीनदा आला. त्यात पाच विधाने आहेत: प्लास्टिकचे झाड घेतल्याने एक खरे झाड वाचते, एलईडी माळांना वीज जवळजवळ लागतच नाही, म्हणून त्या महिनाभर रात्रभर लावायला हरकत नाही, थर्माकोल हलका असल्याने त्याचा कचरा नगण्य असतो, चमकीचा कागद रद्दीत जातो, आणि नैसर्गिक सजावट ही पैसेवाल्यांची हौस आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि पहिले तर आपल्या भागाला लागूच होत नाही.

झाडापासूनच सुरुवात करू. युरोप-अमेरिकेत नाताळसाठी विकली जाणारी फर आणि स्प्रूसची झाडे बहुतांशी जंगलातून तोडलेली नसतात. ती शेतात लावून काही वर्षांनी कापायची पिके असतात. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या हिशेबानुसार २ मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, तर तेवढ्याच खऱ्या झाडाचे सणानंतर जळण किंवा भुसा केल्यास ते साडेतीन किलोच्या आसपास राहते. तेच झाड कचराडेपोत कुजले तर आकडा १६ किलोपर्यंत जातो. म्हणजे जिथे ही तुलना जन्माला आली, तिथेसुद्धा प्लास्टिकचे झाड दहा-बारा वर्षे वापरले तरच त्याचा हिशेब जमतो. पण मराठवाड्यात फर उगवत नाही, बीड किंवा परभणीच्या बाजारात कापलेला स्प्रूस कुणी विकायला आणत नाही आणि आपल्यापैकी कुणी तो विकत घेणारही नव्हते. जे झाड तोडलेच जाणार नव्हते, ते वाचवले असे कसे म्हणता येईल? इथे खरी तुलना आहे ती पीव्हीसी आणि तारेचे, बहुधा चीनमधून आलेले झाड घेणे आणि ते न घेणे, या दोन गोष्टींची. त्या झाडाच्या फांद्यांतली तार आणि प्लास्टिक वेगळे करणे किफायतशीर नसल्यामुळे भंगारवाला ते सहसा घेत नाही, आणि कचऱ्याबरोबर पेटवून दिले तर पीव्हीसीच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिनसारखी घातक द्रव्ये बाहेर पडतात.

याचा अर्थ घरात असलेले प्लास्टिकचे झाड उकिरड्यावर टाकावे असा मुळीच नाही. ते आहे, तर फांद्या मोडेपर्यंत, पाने झडेपर्यंत वापरावे. त्याचे उत्सर्जन होऊन गेलेले आहे, आता प्रत्येक वाढीव वर्ष हे नफ्याचेच.

एक कबुली मात्र दिली पाहिजे, कारण संदेशाला उत्तर देणारेही घाईत एक चूक करतात. 'कुंडीतले खरे झाड घ्या' असे ते सांगतात आणि रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळते ते बहुतेक वेळा आरोकेरिया असते. त्यातली एक जात मुळात प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावरची, म्हणजे समुद्राच्या दमट हवेत वाढणारी आहे. मी असे एक रोप मोठ्या उत्साहाने आणले होते. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला, आम्ही आठ दिवस गावी होतो, आणि परतलो तेव्हा खालच्या फांद्यांच्या दोन फेऱ्या वाळून गेल्या होत्या. या झाडाच्या वाळलेल्या खालच्या फांद्या पुन्हा फुटत नाहीत, त्यामुळे पुढच्या नाताळला ते छत्रीच्या दांड्यासारखे दिसले. ज्या मराठवाड्यात २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे उन्हाळाभर सावली आणि पाणी मागणारे झाड घेण्यापूर्वी दोनदा विचार केलेला बरा. अंगणात आधीच मोरपंखी असेल तर तिलाच माळ घालावी. तिची ठेवण निमुळती असते आणि ती इथल्या हवेला सरावलेली असते.

दिव्यांविषयीचे विधान अर्धे खरे आहे. जुन्या पिवळ्या बल्बच्या माळांपेक्षा एलईडी माळा पुष्कळ कमी वीज घेतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. एक माळ साधारण १० वॅटची धरली तर चार माळा संध्याकाळी चार तास, दहा रात्री लावल्यास दीड युनिटच्या आसपास वीज लागते. त्याच चार माळा ३१ रात्री बारा-बारा तास लावल्या तर ती १५ युनिटच्या घरात जाते. बिलात हा आकडा टोचणार नाही, हे मान्य. परंतु राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, आणि कोळशाच्या विजेला पाणी किती लागते हे दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडताना आपण पाहिले आहे. त्याहून मोठा प्रश्न दर वर्षी नवी स्वस्त माळ घेऊन जानेवारीत फेकण्याचा आहे. दिवाळीची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवली असेल तर ती नाताळलाही तितकीच उजळते.

थर्माकोलच्या बाबतीत फार लिहिण्याची गरज नाही. राज्यात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत त्याच्या सजावटीवर गदा आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीसाठी थर्माकोल वापरण्यास बंदी आहे. हलकेपणा हा त्याचा गुण नसून दोष आहे, कारण त्याचे दाणे वाऱ्याने उडून नालीत जातात आणि तिथेच राहतात. चमकीचेही तसेच: ती बहुतेक वेळा धातूचा थर दिलेली प्लास्टिकची फिल्म असते. कागद मुठीत चुरगाळून सोडावा; तो पुन्हा उलगडू लागला तर रद्दीवाल्याकडे पाठवू नये. सुटी प्लास्टिक चमकी विकण्यावर युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले, ते याच बारीक कणांमुळे.

राहिला पैसेवाल्यांच्या हौसेचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त खटकला तो हाच. ज्या भागात डिसेंबरच्या अखेरीस तुरीची कापणी सुरू होते, तिथे तुराट्या विकत घ्याव्या लागतात असे कोणाला वाटत असेल, तर त्याने गावाकडे एक फोन करावा. तीन तुराट्या सुतळीने त्रिकोणात बांधल्या, तसेच दोन त्रिकोण एकमेकांवर उलटसुलट ठेवले की सहा टोकांची चांदणी तयार होते; तिला पतंगाचा कागद खळीने चिकटवावा. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा कामट्यांचा सांगाडा जपून ठेवला असेल तर तेवढेही कष्ट नाहीत. पऱ्हाटीच्या फांद्या आणि कापूस वेचल्यावर उरलेली बोंडेही देखणी दिसतात, पण त्यांच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहू शकते, म्हणून पऱ्हाट्या साठवू नयेत असे कृषी विभाग सांगतो. त्या घरात आणल्याच तर सण होताच नष्ट कराव्यात, पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या त्या तुराट्याच.

गव्हाणीचे, म्हणजे येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याचे, तर विचारूच नका. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे पहिला देखावा मांडला तेव्हा खरे गवत, खरा बैल आणि खरे गाढव आणले होते, असे सांगतात. आपल्याकडे कडब्याच्या दोन पेंढ्यांत गोठा उभा राहतो. बाजारातला प्लास्टिकचा बैल घेण्याऐवजी आमच्या घरी पोळ्याला कुंभाराकडून आणलेली मातीची बैलजोडी पाटावरून उतरवून कपाटात ठेवतात आणि नाताळला तीच गोठ्यात बांधतात. दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतात: कडब्याजवळ मेणबत्ती लावायची नाही, आणि त्याला टाचणी, डिंक किंवा चमकी लागू द्यायची नाही, कारण ६ जानेवारीला देखावा उतरवला की तो कडबा शेजारच्या म्हशीपुढे टाकायचा असतो.